पाणवनस्पती आणि तिचे सूक्ष्मजीव: पाण्याखालच्या देवाणघेवाणीचा हिशेब

तळ्यात पाणकणीस किंवा कमळ लावलं की पाणी शुद्ध होतं, असं सर्रास सांगितलं जातं. परिणाम खरा आहे, श्रेय मात्र भलत्याच्या खात्यावर जमा होतं. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कृत्रिम पाणथळींमध्ये नत्राचा हिशेब मांडला, तर झाडांच्या अंगात गेलेला नत्र बहुतेक वेळा छोटा हिस्सा निघतो. मोठा हिस्सा मुळांभोवतीच्या जिवाणूंनी वायूरूपात हवेत सोडलेला असतो. झाड त्या जिवाणूंना बसायला जागा, खायला साखर आणि श्वासाला ऑक्सिजन देतं. ही देवाणघेवाण समजली की टबातलं रोप का सडतं, अझोला लाल का पडतो, मुळं लख्ख धुऊन लावलेलं झाड महिनाभर का रुसतं, हे सगळं एकाच धाग्याने उलगडतं.

गाळात श्वास कसा चालतो

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. शिवाय पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. त्यामुळे तळाच्या गाळात वरच्या काही मिलिमीटरांतच ऑक्सिजन संपतो आणि त्याखाली मुळांना जगायचं असतं ते ऑक्सिजनशून्य चिखलात.

ऑक्सिजन संपला म्हणून गाळातले सूक्ष्मजीव थांबत नाहीत. श्वसनासाठी ते पुढचा हाताशी असलेला पदार्थ घेतात: आधी नायट्रेट, मग मँगॅनीज, मग लोह, मग सल्फेट. तेही संपलं की मिथेन तयार करणारे आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) कामाला लागतात. एकेक पायरी खाली जाताना त्यांना मिळणारी ऊर्जा घटते आणि झाडासाठी जागा अधिक विषारी होत जाते. लोहाच्या पायरीवर पाण्यात विरघळणारं फेरस लोह सुटतं. सल्फेटच्या पायरीवर कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू पेशीतल्या श्वसनाची शेवटची कडीच अडवतो, म्हणून मूळ काळं पडून बुळबुळीत होतं. गाळात किती पालापाचोळा कुजतोय, त्यावर गाळ या पायऱ्या किती लवकर उतरणार हे ठरतं. पुढच्या जवळजवळ सगळ्या बिघाडांचं मूळ इथे आहे.

मुळाभोवतीची गंजाची नळी

कमळाचा देठ आडवा कापला की आत आरपार नळ्या दिसतात. ही हवा वाहून नेणारी ऊती, म्हणजे वायूतक. पानातली हवा तिच्यातून गाळातल्या मूळक्षोडापर्यंत, म्हणजे गाळात आडव्या वाढणाऱ्या खोडापर्यंत, उतरते. काही जातींमध्ये तर ती ढकलली जाते. जॉन डेसी यांनी १९८० मध्ये पिवळ्या कुमुदिनीत दाखवलं की उन्हात तापलेल्या कोवळ्या पानांत दाब वाढतो, हवा देठातून खाली मूळक्षोडात जाते आणि जुन्या पानांमधून बाहेर पडते. एका पानातून दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा खाली गेल्याचं त्यांच्या मोजमापात आढळलं.

यातला काही ऑक्सिजन मुळातून बाहेर पाझरतो. पाझर सगळीकडे सारखा नसतो. अनेक पाणवनस्पतींत मुळाच्या जुन्या भागावर सुबेरिन या मेणचट पदार्थाचं अस्तर असतं, ते ऑक्सिजन आत धरून ठेवतं. गळती होते ती मुळाच्या टोकाशी आणि कोवळ्या उपमुळांवर. त्या जागी मुळाभोवती एक ते काही मिलिमीटर जाडीचं ऑक्सिजनयुक्त वेष्टन तयार होतं आणि सगळा व्यवहार त्या वेष्टनाच्या आत-बाहेर चालतो.

गाळातून आलेलं फेरस लोह या वेष्टनात शिरलं की ऑक्सिजनशी मिळून गंजतं. काही लोह आपोआप, काही लोहावर जगणाऱ्या जिवाणूंमुळे. मुळावर तांबूस-नारिंगी थर चढतो. अनेक जण हा थर रोग समजून घासून काढतात; ते करू नये. हाच थर फॉस्फेट आणि आर्सेनिकसारखे पदार्थ धरून ठेवतो. तो दिसतोय याचा अर्थ मूळ ऑक्सिजन सोडतंय.

नत्राचं कामही याच सीमेवर होतं. कुजणाऱ्या पदार्थांतून सुटलेला अमोनिया वेष्टनात येतो. तिथले नायट्रीकरण करणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. दोन्ही टप्पे एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा जिवाणू २०१५ मध्ये सापडले. तोवर हे काम दोन वेगळ्या गटांचंच मानलं जात होतं. तयार नायट्रेट वेष्टनाबाहेरच्या ऑक्सिजनशून्य गाळात सरकतं. तिथले दुसरे जिवाणू त्याच्यावर श्वसन करून त्याचा नत्रवायू बनवतात (याला विनायट्रीकरण म्हणतात) आणि तो बुडबुड्यांनी निघून जातो. दोन परस्परविरोधी परिस्थिती काही मिलिमीटरांच्या अंतरावर लागतात, आणि मूळ त्या एकाच वेळी उपलब्ध करून देतं.

ऑक्सिजन इतका मोलाचा का, हे आकड्यांत पाहू. अमोनियातल्या १ ग्रॅम नत्राचं नायट्रेट करायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे एक लिटर पाण्यात विरघळलेला सगळाच्या सगळा ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरला, तरी फक्त पावणेदोन मिलिग्रॅम नत्राचं काम होईल. त्याच प्रक्रियेत पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकदही खर्च होते: १ ग्रॅम नत्रामागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने सुमारे ७ ग्रॅम. मऊ पाण्याच्या टाकीत काही आठवड्यांनी सामू घसरतो आणि जिवाणू मंदावतात, त्याचं हे कारण. मूठभर शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची खडी घातली की तूट भरून निघते.

बदल्यात मूळ काय देतं? साखरी, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं आणि झडलेल्या पेशी. विनायट्रीकरणाला कार्बन लागतोच, तो यातून मिळतो.

गाळात केबल जिवाणू नावाचे धाग्यासारखे जीवही राहतात. त्यांचा शोध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो पेशींची साखळी सेंटिमीटरभर लांब होते आणि तिच्यातून चक्क विजेचा प्रवाह वाहतो. खालचं टोक सल्फाइड वापरतं, वरचं टोक ऑक्सिजन. सागरी गवतांच्या मुळांभोवतीही ते सापडले आहेत. २०२० मध्ये कुंड्यांतल्या भातावर केलेल्या प्रयोगात मातीत केबल जिवाणू मिसळल्यावर मिथेनचं उत्सर्जन ९३ टक्क्यांनी घटलं. त्यांनी सल्फाइडपासून पुन्हा सल्फेट तयार केलं आणि गाळाला मिथेनच्या पायरीपर्यंत उतरूच दिलं नाही.

ऑक्सिजन डोळ्यांनी पाहायचा असेल तर

शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा पाझर दाखवता येतो. एक लिटर पाण्यात १ ग्रॅम अगार घालून उकळा. उकळल्याने अगार विरघळतो आणि पाण्यातली हवाही निघून जाते. न ढवळता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. १२ मिलिग्रॅम मेथिलिन ब्लू घाला. एवढं वजन साध्या तराजूवर होत नाही, म्हणून आधी १०० मिलिलिटर पाण्यात १२० मिलिग्रॅम विरघळवून त्यातले १० मिलिलिटर घ्यावेत. मग १३० मिलिग्रॅम सोडियम डायथायोनाइट घालून अगदी हलक्या हाताने मिसळा. निळा रंग जातो. हातमोजे घालावेत आणि खोली हवेशीर असावी.

भाताचं किंवा वेखंडाचं मुळांसकट रोप उंच, अरुंद काचपात्रात असं उभं करा की मुळं द्रावात राहतील आणि पानं उजेडात, हवेत. तास-दोन तासांत मुळांच्या टोकांभोवती निळी प्रभा दिसू लागते: सुटणारा ऑक्सिजन रंगद्रव्याला पुन्हा निळं करतो. पृष्ठभागावरचा निळा थर वरच्या हवेमुळे येतो, तो धरायचा नाही. सगळं पात्रच लगेच निळं झालं, तर डायथायोनाइट जुना आहे किंवा द्राव जास्त ढवळला गेला. दमट हवेत डायथायोनाइट लवकर निकामी होतो. मुळीच निळं आलं नाही, तर डायथायोनाइट जास्त पडला असेल किंवा रोप उपटताना कोवळी टोकं तुटली असतील. जोडीला दुसरं रोप घ्या, त्याची पानं कापून खोडाची तोंडं पेट्रोलियम जेलीने बंद करा. तिथे प्रभा फिकी पडते किंवा येतच नाही, आणि हवा पानांतून येते हे वेगळं सांगावं लागत नाही.

पानांवरचा थर

पाण्यातल्या पानाच्या एका चौरस सेंटिमीटरवर साधारण १० लाखांच्या घरात जिवाणू असतात. जोडीला डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शैवाल), हिरवं शैवाल आणि बुरशी. पान साखरेचा थोडा अंश पाझरतं, थर कार्बन डायऑक्साइड परत देतो. काही जिवाणू वनस्पतीची वाढही वाढवतात. डकवीड या छोट्या तरंगत्या वनस्पतीच्या मुळांवरून जपानमध्ये वेगळा केलेला ॲसिनेटोबॅक्टर कॅल्कोॲसेटिकस पी-२३ हा जिवाणू पाण्यातलं फिनॉल तोडतो, आणि त्याच्या सोबतीत डकवीड सुमारे दुप्पट वेगाने वाढतं. दलदलीतलं स्फॅग्नम शेवाळ तर आपल्या रिकाम्या पेशींमध्ये मिथेनभक्षी जिवाणू बाळगतं. २००५ मध्ये दिसून आलं की पाण्याखालच्या स्फॅग्नमचा १० ते १५ टक्के कार्बन या जिवाणूंनी मिथेनपासून मिळवून दिलेला असतो.

हा थर पातळ असतो तोवर दोघांचं बरं चालतं. पाण्यात फॉस्फेट आणि नायट्रेट वाढलं की शैवालाचा वाटा फुगतो, पानापर्यंतचा उजेड अडतो आणि वायूंची ये-जाही मंदावते. १९७८ मध्ये फिलिप्स, एमिन्सन आणि मॉस यांनी मांडलं की उथळ तळ्यांतल्या बुडालेल्या वनस्पती नाहीशा होतात तेव्हा पाणी हिरवं होण्याआधीच पानांवरचा थर त्यांना गुदमरवू लागलेला असतो. आमच्या मते तळ्याची तब्येत पाहताना पाण्याच्या रंगाआधी पानं पाहावीत. पानावर बोट फिरवलं आणि तपकिरी लगदा निघाला, तर पाणी अजून नितळ असलं तरी खत जास्त झालं आहे. पानं पुसत बसण्याचा उपयोग नाही, थर आठवड्यात परत येतो. शैवाल खरवडून खाणाऱ्या गोगलगायी ठेवा, खत किंवा माशांचं खाद्य निम्म्यावर आणा. तांबंयुक्त शैवालनाशक टाकू नये: शैवालाबरोबर उपयोगी थर आणि गोगलगायी दोन्ही मरतात आणि मेलेलं सगळं तळाशी जाऊन ऑक्सिजन खातं.

अझोला: भागीदार पानाच्या आत

अझोला हे तरंगणारं छोटं नेचं. त्याच्या प्रत्येक पानाला दोन पाळ्या असतात. खालची पातळ पाळी पाण्याला टेकते, वरची जाड हिरवी पाळी हवेत राहते. वरच्या पाळीत एक पोकळी असते आणि तिच्यात नॉस्टॉक अझोली हा नील-हरित जिवाणू राहतो. हवेतला नत्र तो अमोनियात बदलतो.

हे काम करणारं नायट्रोजिनेज विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं. म्हणून जिवाणूच्या साखळीतल्या काही पेशी जाड भिंतीच्या होतात, ऑक्सिजन तयार करणं थांबवतात आणि नत्र पकडण्यापुरत्याच उरतात. या पेशींना हेटेरोसिस्ट म्हणतात. स्वतंत्र जगणाऱ्या नातेवाइकांत त्यांचं प्रमाण साधारण ५ ते १० टक्के असतं, अझोलाच्या पोकळीत ते २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातं. तयार अमोनिया जिवाणू स्वतः फारसा वापरत नाही, तो नेच्याच्या पेशी उचलतात.

ही जोडी सुटत नाही. अझोलाच्या वाढत्या शेंड्यावर जिवाणूंची छोटी वसाहत कायम असते, नवं पान फुटताना काही जिवाणू त्याच्या पोकळीत शिरतात आणि पोकळी मिटत जाते. बीजुक तयार होतानाही जिवाणू सोबत बांधून दिले जातात, म्हणजे पुढच्या पिढीला भागीदार बाहेरून शोधावा लागत नाही. २०१० मध्ये या जिवाणूचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यातली सुमारे ३१ टक्के जनुकं मोडकळीला आलेली आढळली. स्वतंत्र जगण्याची अवजारंच त्याने गमावली आहेत.

वाफ्यासाठी रूढ प्रमाण असं: २ मीटर बाय २ मीटरचा प्लॅस्टिक अंथरलेला उथळ खड्डा, त्यात १० ते १५ किलो चाळलेली माती. १० लिटर पाण्यात २ किलो शेण आणि ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट कालवून ओता, पाण्याची पातळी १० सेंटिमीटर करा आणि अर्धा ते एक किलो ताजा अझोला पसरा. अर्धी सावली आणि २० ते ३० अंश तापमान त्याला मानवतं. ७ ते १० दिवसांत पृष्ठभाग भरतो आणि रोज साधारण अर्धा किलो काढता येतो. दर ५ दिवसांनी २० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि किलोभर शेण द्यावं, दर १० दिवसांनी पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावं.

नत्र भागीदार पुरवतो, स्फुरद कोणीच पुरवत नाही. म्हणून अझोला लाल पडला, रोपं बारीक झाली आणि मुळं लांब वाढली की पहिला संशय स्फुरदाच्या कमतरतेवर घ्यावा. नुसती लाली असेल आणि रोपं धडधाकट असतील, तर कडक ऊन किंवा थंडी हे कारण असतं. सावली वाढवून पाहा. युरिया टाकू नये. आयता नत्र मिळाला की जिवाणूचं नत्र पकडणं मंदावतं आणि पाण्यात शैवाल माजतं. काढणी थांबवली तर थरावर थर चढतात, खालचे उजेडाविना कुजतात आणि बुरशी धरतात.

समुद्रात

सागरी गवतं ही फुलं येणारी खरी झाडं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यामुळे त्यांच्या गाळात सल्फाइडचा धोका कायमचा असतो. २०१२ मध्ये तिघांची युती दाखवली गेली: गवत मुळांतून ऑक्सिजन सोडतं, गाळातले ल्युसिनिड शिंपले तो घेतात आणि त्यांच्या कल्ल्यांतले जिवाणू सल्फाइडचा नायनाट करतात. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया गवताच्या मुळांच्या आत नत्र पकडणारा सेलेरिनटँटिमोनास नेप्च्युना हा जिवाणू राहतो, हे २०२१ मध्ये समोर आलं. साखरेच्या मोबदल्यात तो अमोनिया आणि अमिनो आम्लं देतो. डाळींच्या मुळांवरच्या गाठींसारखाच हा व्यवहार, फक्त गाठी नसतात. या कुरणांखाली साखर साठूनही राहते, कारण गवत सोडत असलेली फिनॉलिक संयुगं बहुतेक सूक्ष्मजीवांना ती खाऊ देत नाहीत.

टबात किंवा छोट्या तळ्यात हे जमवायचं कसं

१०० लिटरच्या टबात १० ते १५ सेंटिमीटर चिकणमातीमिश्रित साधी माती घाला, वर २ ते ३ सेंटिमीटर धुतलेली वाळू. कंपोस्ट, ताजं शेण, कोकोपीट यातलं काही मातीत मिसळू नका. अझोलाला शेण चालतं कारण त्याचा भागीदार हवेतल्या पानात बसलेला आहे. गाळात मुळं रोवणाऱ्या झाडाला तेच शेण मारक ठरतं: कुजताना ते ऑक्सिजन ओढून घेतं आणि गाळ थेट सल्फाइडच्या पायरीवर उतरतो.

नळाच्या पाण्यात साधं क्लोरीन असेल, तर उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवल्यावर ते उडून जातं. क्लोरामाइन असेल तर ते असं उडत नाही, सोडियम थायोसल्फेटवर आधारित औषध लागतं. रोपाची मुळं फक्त हलक्या हाताने विसळा, लख्ख धुतली तर त्यांच्यावरचे जिवाणूही जातात; ब्लीच किंवा पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवू नका. जिवाणूंची सुरुवात व्हावी म्हणून जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला फिल्टर-स्पंज पाण्यात पिळा किंवा तिथला मूठभर गाळ घाला. नैसर्गिक तळ्यातला गाळ दुसऱ्या नैसर्गिक तळ्यात मात्र कधीही नेऊ नये, त्यासोबत रोग आणि जलपर्णीसारखं तण जातं.

मासे ४ ते ६ आठवडे सोडू नका. नायट्रीकरण करणारे जिवाणू सावकाश वाढतात. थेंब टाकून तपासायच्या किटने दर २-३ दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट पाहा. आधी अमोनिया चढतो, तो उतरताना नायट्राइट चढतं, शेवटी दोन्ही शून्यावर येतात. दाट लागवड असेल तर हे चढउतार दिसणारच नाहीत, कारण बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. थंडीत, १० अंशांच्या खाली, काम जवळपास थांबतं, तेव्हा माशांचं खाद्य तोडावं. माशांना प्रतिजैविक द्यायचं असेल तर वेगळ्या भांड्यात द्या. मुख्य टाकीत दिलं तर जिवाणूंची वसाहतही मार खाते आणि आठवडाभरात अमोनिया वर येतो.

तरंगत्या वनस्पतींनी निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नये. रात्री झाडं आणि सूक्ष्मजीव दोघेही ऑक्सिजनच वापरतात, म्हणून तो सर्वांत कमी असतो पहाटे. मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड उघडून घुटमळत असतील, तर दुपारचं मोजमाप कितीही चांगलं आलं तरी त्यावर विसंबू नका.

मुळं महिन्यातून एकदा पाहावीत. पांढरी टोकं आणि मागे तांबूस थर असेल तर काही करायचं नाही. काळा थर दिसला तर मूळ बोटांनी दाबून पाहा. घट्ट असेल आणि हवेत ठेवल्यावर काळेपणा फिका पडत गेला, तर तो लोह सल्फाइडचा लेप आहे, मूळ अजून वाचतं. मऊ पडून साल निघत असेल तर ते गेलं. तेवढा भाग कापा आणि वरची कुजलेली पानं काढा. सगळा गाळ एकदम ढवळू नका, अडकलेला सल्फाइड आणि अमोनिया एका झटक्यात पाण्यात येऊन मासे मरतात. एका वेळी चौथा हिस्सा, मधे दोन आठवडे सोडून.

पाणकणसाची वाळलेली खोडं कापताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. मेलेल्या खोडातूनही मूळक्षोडाला हवा जाते. पाण्याच्या पातळीखाली छाटलं तर नळ्यांत पाणी शिरतं, खालचं मूळक्षोड गुदमरतं आणि पुढच्या हंगामात फुटत नाही. पाणकणसाचा नायनाट करायचा असतो तेव्हा मुद्दाम हीच पद्धत वापरतात. ठेवायचं असेल तर खोड पाण्याच्या वर निदान वीतभर राहील असं कापावं, आणि पाऊस किंवा भरणीने पातळी किती चढणार तेही आधी धरावं.